यकृतविकारात प्रतिजैव पदार्थांचे तंत्रिकीय दुष्परिणाम

यकृताचे कार्य मंदावलेल्या रुग्णास जंतुसंसर्गावर प्रतिजैव पदार्थ (सूक्ष्मजीवांची वाढ थांबविणारी किंवा त्यांचा नाश करणारी औषधे, अँटिबायॉटिक) दिले असता मेंदू, मेरुरज्जू व तंत्रिका (मज्जातंतू) यांवर काही वेळा जे अनिष्ट परिणाम होतात, त्यांना या विकारगटात समाविष्ट करतात. गोंधळलेली मनःस्थिती, भ्रम, बोलण्यातील अडखळ, तोल जाणे, आचके, बेशुद्धी, हातापायांना मुंग्या येणे व बहिरेपणा ही त्यांतील प्रमुख लक्षणे होत. काटेकोर अर्थाने सूक्ष्मजीवांपासून मिळणाऱ्या औषधांनाच प्रतिजैव पदार्थ म्हणतात. मेट्रोनिडाझोल, आयसोनियाझिड व क्विनोलोन गटातील औषधे संश्लेषणाने (रासायनिक रीत्या कृत्रिमपणे) तयार करतात. तथापि व्यवहारात त्यांचाही समावेश याच वर्गात होत असल्याने येथे त्यांचा एकत्रित विचार केला आहे.

या विषयाचे महत्त्व दुहेरी आहे. यकृत सूत्रण रोगाच्या (सिऱ्होसिस, यकृतातील कोशिकांचा म्हणजे पेशींचा नाश होऊन त्यांच्या जागी तंतुमय ऊतक निर्माण होणे) रुग्णास जंतुसंसर्ग लवकर होतो व तो प्राणघातक ठरू शकतो, त्यामुळे प्रतिजैव पदार्थ टाळून चालत नाही. उलट, याच रुग्णाचा मेंदू यकृतविकारामुळेही बिघडू शकतो. संसर्ग, यकृत व औषध या तिन्ही कारणांनी सारखीच लक्षणे उद्भवत असल्याने खरे कारण ओळखण्यात चूक झाल्यास रुग्ण दगावण्याचा संभव असतो.

इतिहास : यकृत व मेंदू यांमधील संबंध प्रयोगाने प्रथम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दाखविला गेला. न्यिकलाय एक या रशियन शस्त्रक्रियातज्ञांनी १८७७ मध्ये कुत्र्याची प्रवेशिका नीला (आतड्यातील रक्त यकृताकडे नेणारी नीला) अधःस्थ महानीलेस जोडून यकृताला वगळणारा मार्ग तयार केला. १८९३ मध्ये इव्हान पाव्हलॉव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कुत्र्यांना मांस खाऊ घातले असता त्यांचा तोल जातो, आचके येतात व शेवटी बेशुद्धी येते, असे दाखविले. आतड्यात तयार होणारे विषारी पदार्थ यकृतात निष्प्रभ न होता थेट मेंदूपर्यंत पोहोचतात, हा त्याचा अर्थ होता.

प्रतिजैव पदार्थांचे तंत्रिका तंत्रावरील (मज्जासंस्थेवरील) परिणामही त्यांच्या शोधानंतर लवकरच ध्यानात आले. पेनिसिलिनाचा मेंदूशी थेट संपर्क आल्यास आचके येतात, असे १९४५ मध्ये निदर्शनास आले. सेल्मन वॅक्समन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्ट्रेप्टोमायसिनामुळे अंतर्कर्णातील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेस इजा होते, हेही क्षयरोग्यांवरील पहिल्याच उपचारांत आढळले. वॅक्समन व ह्यूबर्ट लेशव्हाल्ये यांनी १९४९ मध्ये निओमायसीन शोधले. आतड्यातील अमोनिया निर्माण करणारे जंतू कमी करण्यासाठी ते यकृतजन्य बेशुद्धीत तोंडाने देण्याची पद्धत १९५० नंतरच्या दशकात रूढ झाली. लंडनमधील शीला शरलॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये या उपचाराचे अनुभव प्रसिद्ध केले. अशा रीतीने यकृतविकारी मेंदूवर प्रतिजैव पदार्थ हे औषधही ठरले आणि धोकाही.

भारतात पुण्याजवळील पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिनाचे उत्पादन सुरू झाले. त्यानंतर ही औषधे सामान्य रुग्णांच्या आवाक्यात येऊ लागली आणि त्यांच्या दुष्परिणामांचा विचारही येथील वैद्यकीय व्यवसायास करावा लागला.

यकृतजन्य मस्तिष्कविकृती : औषधाचे दुष्परिणाम समजण्यासाठी या मूळ विकाराची माहिती आवश्यक आहे. आतड्यातील जंतूंच्या क्रियेमुळे व प्रथिनांच्या विघटनातून तयार झालेला अमोनिया निरोगी यकृत यूरियात रूपांतरित करते. यकृत निकामी झाल्यास, किंवा रक्त त्याला वळसा घालून गेल्यास, अमोनिया मेंदूत पोहोचतो. तेथील तारका कोशिकांत त्यापासून ग्लुटामीन बनते, या कोशिकांना सूज येते व तंत्रिका कोशिकांमधील संदेशवहन बिघडते. प्रारंभी झोपेचे चक्र उलटे होते. रुग्ण दिवसा पेंगतो व रात्री जागा राहतो. पुढे विसराळूपणा, चिडचिड, दिवस व स्थळ न ओळखणे ही लक्षणे दिसतात. हात पुढे पसरून मनगटे वर उचलण्यास सांगितल्यास पंजे पक्ष्याच्या पंखांप्रमाणे फडफडतात. शेवटी बेशुद्धी येते. लक्षणांच्या तीव्रतेनुसार या विकाराच्या एक ते चार श्रेणी करतात.

दुष्परिणामांची कारणे : यकृतविकारात औषधाची नेहमीची मात्राही जादा ठरण्यास पुढील कारणे असतात. (१) यकृतातील एंझाइमांचे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणण्यास मदत करणाऱ्या प्रथिनांचे) कार्य मंदावते व औषध शरीरात अधिक काळ राहते. (२) पित्तावाटे होणारे उत्सर्जन कमी होते. (३) यकृतात तयार होणाऱ्या अल्ब्युमिनाचे प्रमाण घटल्याने त्याला बद्ध न झालेला, म्हणजेच क्रियाशील, औषधांश वाढतो. (४) प्रगत यकृतविकारात वृक्कांचे (मूत्रपिंडांचे) कार्यही खालावते. वृक्ककार्य मोजण्यासाठी रक्तातील क्रिॲटिनीन पाहतात. परंतु या रुग्णांचे स्नायू झिजलेले असल्याने मुळात क्रिॲटिनीनच कमी तयार होते. परिणामी अहवाल सामान्य दिसतो आणि वृक्के मात्र दुर्बल झालेली असतात. (५) रक्त व मेंदू यांमधील रोधाची पारगम्यता वाढू शकते. (६) अमोनियाने आधीच त्रस्त झालेल्या मेंदूला औषधाचा अल्पसा आघातही पुरेसा होतो.

मुख्य औषधे व त्यांचे परिणाम : मेट्रोनिडाझोल : जपानमध्ये १९५३ च्या सुमारास सापडलेल्या ॲझोमायसीन या पदार्थावरून हे औषध विकसित झाले. ते प्रथम ट्रायकोमोनास संसर्गावर वापरात आले. अमीबाजन्य आमांश व यकृत विद्रधी (यकृतातील गळू) यांवर ते गुणकारी असल्याचे दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथील संशोधकांनी १९६६ मध्ये दाखविले. त्याचे विघटन मुख्यत्वे यकृतात होते. निरोगी व्यक्तीत त्याचा अर्धायुकाल (रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास लागणारा काळ) सु. आठ तास असतो. तीव्र यकृतविकारात त्याच मात्रेनंतर शरीरास घडणारा औषधसंपर्क दुपटीहून अधिक होतो. म्हणून अशा रुग्णात मात्रा निम्मी करण्याची शिफारस आहे.

मेट्रोनिडाझोलाचा परिणाम विशेषतः निमस्तिष्कावर (लहान मेंदूवर) होतो. बोलणे अडखळते, चाल झिंगल्यासारखी होते, हालचालींतील सुसूत्रता जाते; काही रुग्णांत गोंधळ व आचके आढळतात. चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शनात (एमआरआयमध्ये) निमस्तिष्काच्या दोन्ही बाजूंच्या दंतुर केंद्रकांत सममित बदल दिसतात. औषध थांबविल्यावर ही लक्षणे बहुधा काही दिवसांत ते आठवड्यांत ओसरतात. याखेरीज दीर्घ उपचारात तळपायांना आग होणे, मुंग्या व बधिरपणा अशी परिसरीय तंत्रिकाविकृतीची लक्षणे उद्भवतात. ती बरी होण्यास महिने लागतात व काहींत ती राहून जातात. एकूण मात्रा ४२ ग्रॅमपेक्षा अधिक झाल्यास हा धोका स्पष्टपणे वाढतो. यकृत विद्रधीवर रोज ८०० मिग्रॅ. तीन वेळा या प्रमाणात दहा दिवस औषध घेतल्यास एकूण २४ ग्रॅम होतात. परंतु तेच औषध अठरा दिवस चालू राहिल्यास ही मर्यादा ओलांडली जाते. टिनिडाझोल व ऑर्निडाझोल ही याच कुलातील औषधे होत.

दारू सोडविण्यासाठी डायसल्फिराम घेणाऱ्या व्यक्तीस मेट्रोनिडाझोल दिल्यास तीव्र मनोविकृती उद्भवू शकते, असे १९६९ मध्ये आढळले. मद्यजन्य यकृतविकाराच्या रुग्णांत ही दोन्ही औषधे एकत्र येण्याचा संभव असल्याने ही माहिती विशेष महत्त्वाची आहे.

बीटा-लॅक्टम गट : पेनिसिलिने, सेफॅलोस्पोरिने व इमिपेनेमासारखी कार्बापेनेमे या गटात येतात. गॅमा-अमिनोब्युटिरिक अम्ल हे मेंदूतील उत्तेजना आवरणारे द्रव्य होय. त्याच्या कार्यात ही औषधे अडथळा आणतात व त्यामुळे आचके येतात. सेफेपाइम बहुतांशी वृक्कावाटे बाहेर पडते; म्हणून यकृताबरोबर वृक्केही दुर्बल झालेल्या रुग्णात ते साचते आणि चार-पाच दिवसांत गोंधळ, स्नायूंचे झटके व बेशुद्धी उद्भवते. सेफ्ट्रायॲक्सोन पित्त व मूत्र या दोन्ही मार्गांनी उत्सर्जित होते. एक मार्ग बंद झाल्यास दुसरा उपयोगी पडतो. दोन्ही अवरुद्ध झाल्यास मात्र रोज दोन ग्रॅमपेक्षा अधिक मात्रा देऊ नये, असे सांगितले जाते.

क्विनोलोन गट : सिप्रोफ्लॉक्सासीन, लिव्होफ्लॉक्सासीन इ. औषधांनी निद्रानाश, भ्रम, आचके व परिसरीय तंत्रिकाविकृती होऊ शकते. त्यांच्यामुळे रक्तातील साखरही घसरते. निकामी यकृतातील ग्लायकोजेनाचा साठा आधीच अल्प असल्याने साखर घसरून आलेली बेशुद्धी यकृतजन्य समजली जाण्याचा धोका असतो.

ॲमिनोग्लायकोसाइड गट : जेंटामायसीन, ॲमिकॅसीन व स्ट्रेप्टोमायसीन यांचे विघटन यकृतात होत नाही. तथापि सूत्रण रोगात वृक्कांना त्यांची बाधा अधिक सहजतेने होते आणि साचलेल्या औषधाने कायमचा बहिरेपणा किंवा तोल जाण्याचा विकार जडतो. त्यामुळे शक्यतो ती टाळतात. तोंडाने दिलेल्या निओमायसिनाचा अत्यल्प अंश रक्तात शोषला जातो. परंतु दीर्घकाळ वापरल्यास तोही ऐकण्यास बाधक ठरतो.

क्षयरोगावरील औषधे : आयसोनियाझिड १९५२ मध्ये वापरात आले. ते शरीरातील पिरिडॉक्सिनाच्या (ब६ जीवनसत्त्वाच्या) कार्यात अडथळा आणते. त्यामुळे हातापायांची जळजळ, मनोविकृती व क्वचित आचके उद्भवतात. त्याचे ॲसिटिलीकरण यकृतात होते; हे कार्य काही व्यक्तींत आनुवंशिकतेने मंद असते व भारतात अशा व्यक्तींचे प्रमाण मोठे आहे. मद्यपी, कुपोषित, मधुमेही व गर्भवती यांना औषधाबरोबर पिरिडॉक्सीन दिल्यास हा त्रास बहुधा टळतो. आयसोनियाझिडामुळे अपस्मारावरील (फेफऱ्यावरील) फेनिटॉइनाचे रक्तातील प्रमाण वाढून तोल जातो. रिफॅम्पिसिनामुळे उलट अपस्मारावरील अनेक औषधांचे प्रमाण घटून आचके पुन्हा सुरू होतात.

क्षयरोगाच्या औषधांचा मेंदूवर आणखी एका मार्गाने आघात होतो. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसीन व पायराझिनामाइड ही तिन्ही यकृतास बाधक आहेत. भारतातील औषधजन्य यकृतविकाराच्या १,२८८ रुग्णांच्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सु. ४६ टक्के रुग्णांत क्षयरोगावरील औषधे कारणीभूत आढळली. अशा वेळी यकृत तीव्रतेने निकामी होऊन येणारी बेशुद्धी हा औषधाचाच दूरचा परिणाम असतो. औषधरोधी क्षयरोगावर भारत सरकारने २०२४ मध्ये मान्य केलेल्या नव्या उपचारक्रमातील लिनेझोलिडाने परिसरीय तंत्रिका व दृक्-तंत्रिका यांना इजा होऊ शकते; त्यातीलच बेडाक्विलीन यकृतास बाधक ठरू शकते.

विदर्भातील परिस्थिती : नागपूर येथे १९४७ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय हे पूर्व विदर्भाचे, तसेच मध्य प्रदेश व छत्तीसगढ यांच्या सीमावर्ती भागांचे मोठे उपचारकेंद्र आहे. येथे दूरच्या गावांतून येणाऱ्या रुग्णाने वाटेत दोन-तीन ठिकाणी उपचार घेतलेले असतात आणि कोणती औषधे किती दिवस घेतली, याची नोंद त्याच्याजवळ बहुधा नसते. प्रस्तुत विषयात नेमकी हीच माहिती निर्णायक असते.

या भागात यकृतविकाराची कारणे अनेक आहेत. मोहाची व अन्य दारू, यकृतशोथाचे विषाणू आणि दूषित पाण्यातून होणारा अमीबा संसर्ग ही त्यांपैकी होत. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून व गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील २०१५ मध्ये लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठविण्यात आली. अमीबाजन्य यकृत विद्रधी मद्यपी पुरुषांत अधिक आढळते. म्हणजे ज्याला मेट्रोनिडाझोल द्यावे लागते, त्याचे यकृत पुष्कळदा मद्यानेही जर्जर झालेले असते. पूर्व विदर्भात सिकलसेल पांडुरोगही मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्यात यकृत व वृक्के बाधित होतात आणि वारंवार होणाऱ्या संसर्गांमुळे प्रतिजैव पदार्थ पुनःपुन्हा द्यावे लागतात.

नागपूरचा उन्हाळा हे आणखी एक कारण होय. मे महिन्यात तापमान ४५° से. च्या आसपास जाते. जलोदरासाठी (पोटात पाणी साचण्याच्या विकारासाठी) मूत्रल औषधे घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरातील पाणी अशा वेळी झपाट्याने घटते, वृक्के मंदावतात आणि औषध साचते. शिवाय उष्माघात, गडचिरोलीकडील मेंदूचा हिवताप आणि २०१८ मध्ये नागपूर परिसरात साथीच्या रूपाने आढळलेला स्क्रब टायफस या रोगांतही ताप, यकृतदोष व बेशुद्धी एकत्र दिसत असल्याने निदान करताना त्यांचाही विचार करावा लागतो.

निदान : यकृतविकाराच्या रुग्णाच्या वागण्यात बदल झाल्यास प्रथम रक्तातील साखर व सोडियम, संसर्ग, जठर-आतड्यातील रक्तस्राव आणि बद्धकोष्ठता यांचा तपास करतात. औषध हे कारण असल्याचे सुचविणाऱ्या खुणा पुढीलप्रमाणे आहेत : औषध सुरू केल्यानंतर लक्षणांचा आरंभ, संसर्ग आटोक्यात येत असूनही मनःस्थितीत बिघाड, नेहमीच्या उपचारांनी शौच साफ होऊनही सुधारणा नसणे, आणि बोलणे व चाल यांत गोंधळाच्या मानाने अधिक दोष. पंजांची फडफड सेफेपाइमाच्या विषाक्ततेतही आढळते. विद्युत् मस्तिष्कालेखातील त्रिप्रावस्थ तरंगही दोन्ही विकारांत दिसतात. त्यामुळे केवळ त्यावरून निर्णय करता येत नाही. अमोनियाचे प्रमाण सामान्य असल्यास यकृतजन्य मस्तिष्कविकृतीबद्दल शंका घ्यावी लागते. मात्र ते वाढलेले असले, तरी औषधाचा दोष नाही असे सिद्ध होत नाही. प्रतिमादर्शनात मेट्रोनिडाझोलाच्या बाधेची खूण निमस्तिष्कात, तर दीर्घकालीन सूत्रण रोगात मँगॅनीज साचल्याची खूण ग्लोबस पॅलिडस या मेंदूतील खोलवरच्या भागात दिसते.

चिकित्सा : संशयित औषध थांबविणे वा त्याची मात्रा कमी करणे हा मुख्य उपाय होय, परंतु त्याच वेळी संसर्गावर दुसरे योग्य औषध देणे आवश्यक असते. जलोदरातील द्रवाला जंतुसंसर्ग झाल्यास (पर्युदरशोथ) उपचारात काही तासांचा विलंबही घातक ठरतो. सेफेपाइम साचले असल्यास रक्तापोहनाने (डायालिसिसने) ते काढता येते. आयसोनियाझिडामुळे आलेल्या आचक्यांवर पिरिडॉक्सीन हा विशिष्ट उतारा आहे.

मस्तिष्कविकृतीवर लॅक्ट्युलोज हे १९६६ पासून मुख्य औषध राहिले आहे. दिवसाला दोन-तीन सैल शौचे होतील इतके ते देतात. पूर्वी जोडीला निओमायसीन वा मेट्रोनिडाझोल देत. आता त्यांची जागा बव्हंशी रिफाक्सिमिनाने घेतली आहे. ते आतड्यातून जवळजवळ शोषले जात नसल्याने तंत्रिका तंत्रास त्याची बाधा सहसा होत नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या २९९ रुग्णांवरील प्रयोगात सहा महिन्यांत विकार उलटण्याचे प्रमाण रिफाक्सिमीन घेणाऱ्यांत सु. २२ टक्के, तर इतरांत सु. ४६ टक्के आढळले. दिल्ली येथील गोविंद वल्लभ पंत रुग्णालयातील २०१३ च्या अभ्यासात लॅक्ट्युलोजासोबत रिफाक्सिमीन दिल्याने पूर्ण शुद्धीवर येणाऱ्यांचे प्रमाण सु. ५१ टक्क्यांवरून ७६ टक्क्यांपर्यंत वाढले.

प्रतिबंध : औषध देण्यापूर्वी यकृतविकाराची तीव्रता ठरविणे, वृक्ककार्याचा अंदाज केवळ क्रिॲटिनिनावर न बांधणे, मात्रा व मुदत लेखी देणे आणि मुदत संपताच औषध बंद करणे हे नियम पाळल्यास बहुतेक दुष्परिणाम टळतात. जुलाबावर परस्पर दुकानातून घेतल्या जाणाऱ्या अनेक संयुक्त गोळ्यांत क्विनोलोन व मेट्रोनिडाझोलाच्या कुलातील औषध एकत्र असते. यकृतविकाराच्या रुग्णाने अशा गोळ्या वैद्याच्या सल्ल्याविना घेऊ नयेत. घरच्या मंडळींनी रुग्णाची झोप, बोलणे, अक्षर व चाल यांकडे लक्ष ठेवावे आणि घेतलेल्या औषधांची वेष्टने जपून ठेवून रुग्णालयात दाखवावीत. कावीळ, पाय सुजणे किंवा पोटात पाणी झाल्याचा पूर्वेतिहास असल्यास तो प्रत्येक नव्या वैद्यास न विचारता सांगावा.

भारतात औषधांच्या दुष्परिणामांची पद्धतशीर नोंद करणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. २०११ पासून गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोग त्याचे सूत्रसंचालन करतो व वैद्यकीय महाविद्यालयांतील केंद्रांमार्फत माहिती गोळा होते. वैद्यांप्रमाणेच रुग्णही अशी नोंद करू शकतात. यकृतविकाराच्या रुग्णातील गोंधळ किंवा बेशुद्धी ही रोगाचीच अवस्था समजली जात असल्याने औषधाचा वाटा पुष्कळदा नोंदीत येत नाही. औषधामुळे उद्भवलेली विकृती वेळीच ओळखल्यास ती बहुधा परतविता येते. म्हणून अशा प्रत्येक रुग्णाबाबत, त्याला कोणते औषध किती दिवस चालू आहे, हा प्रश्न आरंभीच विचारणे अगत्याचे ठरते.